पाळीव उंदीर नर की मादी? या चुका टाळा

महिन्यातून दोनदा तरी मोबाईलवर तसाच एक फोटो येतो. कुणीतरी पांढऱ्या उंदराला शेपटी धरून उलटं लटकवलेलं, फोटो हललेला, खाली प्रश्न: "ताई, नर का मादी?" मला त्यात धरणाऱ्याचा अंगठा तेवढा स्पष्ट दिसतो. परभणीत उंदीर पाळणारी मी काही एकटी नाही, पण मी विचारायला सोपी सापडते. म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या फोटोला हेच पाठवीन.

"गोट्या दिसल्या नाहीत, म्हणजे मादीच"

सगळी रडारड इथून सुरू होते. नर उंदराच्या अंडकोशातून पोटात जाणारी वाट मोठेपणीही उघडीच राहते. थंडी वाजली किंवा भीती वाटली की तो गोट्या सरळ वर ओढून घेतो. मागे नुसती सैल कातडी राहते, तीही केसांत झाकलेली. म्हणून गोट्या दिसल्या तर नर, एवढं पक्कं. नाही दिसल्या तर तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही.

हे मी शिकले ते फटका खाऊनच. संक्रांतीच्या आठवड्यात भाच्यासाठी संभाजीनगरातल्या एका दुकानातून दीड महिन्याची दोन पिल्लं घेतली. सकाळचे आठ वाजलेले, दुकानाचं शटर नुकतंच वर गेलेलं, पिंजरा लोखंडी आणि गारठलेला. दुकानदारानं एकेकाला शेपटीनं उचललं, दोन सेकंद माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "दोन्ही माद्या आहेत ताई, लिहून देऊ का?" मला पटलं. थंडीनं आणि लटकवल्यामुळं घाबरलेल्या जनावराकडून दोन सेकंदांत काय कळणार, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. एसटीत मांडीवर खोकं घेऊन घरी आणली. भाच्यानं नावं ठेवली पिठलं आणि भाकर. जुन्या कूलरच्या सांगाड्याला बारीक जाळी मारून घर केलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऊन जरा चढलं. दुपारी पत्र्याखाली पिठलं पोट जमिनीला टेकवून लांब पसरलं होतं. भाचा ओरडत आला, "मावशी, पिठल्याला मागं गाठी कामून आल्यात? डॉक्टरकडं न्यायचं का?" मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. उंदराच्या गोट्या अंगाच्या मानानं इतक्या मोठ्या असतात की एकदा खाली आल्या की ओळखायला डॉक्टर लागत नाही. पिठलं त्याच दिवशी वेगळं केलं, पण उपयोग काय? उंदरीण 21 ते 23 दिवस गाभण असते आणि पहिले दोन आठवडे पोटावरून काही कळत नाही. महिनाअखेर भाकरीनं 9 पिल्लं दिली.

आता माझी पद्धत. मी गोट्या शोधतच नाही, अंतर बघते. लघवीची जागा आणि संडासची जागा यांमधलं अंतर नरात मादीच्या जवळजवळ दुप्पट असतं. मादीत दोन्ही जागा जवळजवळ चिकटलेल्या. पण दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट? म्हणून एकटा उंदीर बघू नका. एका वयाचे दोन-तीन शेजारी ठेवून बघा, फरक आपोआप डोळ्यांत भरतो. एकट्या उंदराचा जवळून काढलेला फोटो मला म्हणूनच निरुपयोगी.

आणखी एक फसगत: मादीच्याही लघवीच्या जागेला छोटा उंचवटा असतो. तो दिसला की नवशिके "नर, नर" करत सुटतात. उंचवट्यावर जाऊ नका, अंतरावर जा.

बघायला मी बिस्किटांचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा वापरते. उंदीर आत सोडायचा, डबा डोक्याच्या वर धरून खालून बघायचं. तो आपला निवांत हुंगत फिरतो, गोट्याही वर ओढत नाही. डबा नसेल तर छातीशी धरा, मागचे पाय तळहातावर टेकू द्या आणि शेपटीचं बूड हलकं उचला. शेपटीच्या टोकाला धरून कधीही उचलू नका, कातडी सालासारखी सोलून हातात येते आणि परत भरून येत नाही. एवढं सांगूनही लोक लटकवतात, कारण तेच झटपट वाटतं.

पिल्लांच्या बाबतीत उशीर

पिल्लं जन्मतात तेव्हा गुलाबी शेंगदाण्यासारखी असतात. तेव्हाही अंतर बघून सांगता येतं, पण त्याला सवयीची नजर लागते. सोपे दिवस म्हणजे आठव्यापासून बाराव्यापर्यंतचे. केस अजून पातळ असतात आणि मादीच्या पोटावर स्तनांचे ठिपके दोन ओळींत स्पष्ट दिसतात. मादीला 12 असतात, नराला एकही नाही. केस दाट झाले की ही संधी गेली. त्या 9 पिल्लांत मी नवव्या दिवशी 5 माद्या मोजल्या आणि शेपटीवर मार्करनं खूण केली. एक खूण चुकीच्या शेपटीवर गेली, ते तीन आठवड्यांनी कळलं. शाई चार-पाच दिवसांत जाते, मी दुसऱ्यांदा खूण करताना परत बघितलंच नाही, जुन्या खुणेवर नवी ओढली. तेव्हापासून प्रत्येक खुणेआधी नव्यानं बघते आणि वहीत तारीख घालते.

चौथ्या आठवड्यात बहुतेक नर स्वतःच जाहीर होतात. पाचवा आठवडा संपायच्या आत नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करायची. "एवढुशी तर हायत, राहू द्या की आठवडाभर" म्हणणाऱ्यांना मी पिल्लं देत नाही. पाच-सहा आठवड्यांची मादी गाभण राहू शकते, आणि सख्ख्या भावाकडूनच राहते.

किरकोळ, पण रोजच्या

रंगावरून नर-मादी कळत नाही.

आकारावरून अंदाज येतो, निकाल नाही. मोठा नर साधारण अर्धा किलोचा, मादी त्याहून बरीच हलकी. पण दुकानात वेगवेगळ्या वयाचे एकत्र कोंबलेले असतात.

"चावते, म्हणजे मादी." हे कोण पसरवतं, कुणास ठाऊक.

दुकानदाराच्या शब्दावर घरी येऊन परत न बघणं. आठवडाभर, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बघा. तोवर दोघं वेगळे ठेवा, शेजारी-शेजारी पिंजरे चालतात.

मादी व्याली तरी नर तिथंच ठेवणं. लातूरच्या एका ओळखीच्या दादांनी ठेवला होता, "लेकरांना बाप नको का?" म्हणाले. उंदरीण व्याल्यावर 24 तासांच्या आत परत माजावर येते. तीन-साडेतीन आठवड्यांनी दादांचा फोन आला, "ताई, अजून 11 झाली. तुमच्याकडं कुणी घ्यायलंय का?"

आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये नर ओळखायला सगळ्यात सोपं, कारण उकाड्यात सगळं खाली लोंबतं. पण उंदराला घाम येऊन अंग गार होत नाही आणि 42 अंशांत हाताळलं तर तो डोळ्यांदेखत मरू शकतो. बघायचं ते सकाळी सातच्या आत, मग लगेच पिंजऱ्यात, वरून ओलं पोतं.