युरोपात 'नो' ऐकू आला तर 'नाही' समजायचं की नाही?

आधी आपला 'ना' आठवा. 'ना हरकत प्रमाणपत्रा'तला ना नकाराचा, 'ये ना' मधला लाडीगोडीचा, 'येणार ना?' मधला खात्री करून घेण्याचा. आपला गोंधळ होत नाही, कारण तो वाक्यात कुठे बसलाय यावरून कान अर्थ लावतो. युरोपातल्या 'नो'लाही हीच पारख लावायची, फक्त तिथे जागेच्या आधी भाषा ओळखावी लागते.

त्यासाठी ज्या देशात जाणार तिथला खरा नकार पाठ करा. इंग्रजी, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये तो 'नो'च आहे. पोलिशमध्ये 'न्ये', चेकमध्ये 'ने', रशियनमध्ये 'न्येत', हंगेरियनमध्ये 'नेम', फिनिशमध्ये 'एइ'. पोर्तुगीज नकार नाकातून येतो, आपल्या जुन्या वळणाच्या 'नांव'सारखा. नकाराला वेगळा शब्द आहे म्हटल्यावर 'नो' तिथे दुसरंच काहीतरी काम करतोय हे उघड आहे. स्पॅनिशमध्ये मात्र एक मेख आहे : वाक्याच्या शेवटी चढ्या सुरात आलेला 'नो?' हा नकार नसून आपला 'हो ना?' असतो.

सगळ्यात जास्त फसगत पोलंडमध्ये होते. तिथला 'नो' आखूड आणि उघड्या तोंडाचा, जवळजवळ 'नॉ'. बोलीत त्याचा अर्थ 'हो', 'हं', 'बरं'. फोनवर पलीकडचा माणूस 'नॉ, नॉ, नॉ' म्हणत असेल तर तो तुमचं म्हणणं उडवून लावत नाही, 'हं, हं' करत ऐकतोय. पुढचा शब्द पकडला की अर्थ उलगडतो. 'नॉ तक' म्हणजे 'हो की'. 'नॉ दॉब्झे' म्हणजे 'बरं, ठीक आहे', बहुधा थोडं नाइलाजाने. 'नॉ हॉच' म्हणजे 'ये ना'. 'नॉ न्ये?' असं विचारलं तर 'हो ना?', आणि तेच शब्द वैतागलेल्या सुरात आले तर 'छे, हे काय आता!'. कोल्हापुरी 'की'च्या जवळचा हा शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहत होते. तेव्हा 'नॉ' आणि 'की' शेजारी शेजारी नांदले असणार.

उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. इंग्रजीच्या सवयीने तुम्ही 'नो' म्हणता आणि समोरच्या आजीबाईंना तो होकार वाटून ताटात आणखी चार पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, येतात. नकार द्यायचा तर स्पष्ट 'न्ये' म्हणा आणि मागोमाग 'जेन्कुये', म्हणजे धन्यवाद. काही देऊ केल्यावर नुसतं 'जेन्कुये' म्हटलं तरी तो सहसा 'नको'च समजला जातो. हवं असेल तर 'पॉप्रॉशे' म्हणायचं. कार्यालयात किंवा अनोळखी ज्येष्ठांशी होकारार्थी 'नॉ' वापरू नका. आपण साहेबांना 'हं' म्हणावं तसं ते उर्मट वाटतं. तिथे 'तक'.

चेकमध्येही बोलताना नुसता 'नो' होकार देतो. रीतसर होकार 'अनो', त्यामुळे घाईच्या बोलण्यात त्यातला 'अ' हुकला तर परकी माणसं हमखास अडखळतात. 'नो यो' म्हणजे 'हो रे, खरंच'. शेजारच्या स्लोव्हाकमध्ये लेखी वाक्याच्या मध्यात 'नो' दिसला तर तो बहुधा 'पण' असतो.

शंका असेल तर सरळ विचारा : पोलिशमध्ये 'तक चि न्ये?', चेकमध्ये 'अनो नेबो ने?' दोन्हींचा अर्थ 'हो की नाही?' प्रश्न नकारार्थी मात्र करू नका. 'पाव नाही का?' असं विचारलं की मराठीत 'हो, नाही' हे उत्तर चालतं, इंग्रजीत त्यालाच 'नो' म्हणतात. त्यात पोलिश 'नॉ' मिसळला की पाव आहे की नाही हे देवच जाणे. 'पाव आहे का?' एवढंच विचारा.

आता पाट्या आणि कागद. लाटवियात दुकानाच्या दारावर 'नो' आणि पुढे 9.00 दिसलं तर परत फिरू नका. तो 'पासून' आहे, उच्चार 'नुओ'. पुढचा 'लीद्झ' म्हणजे 'पर्यंत'. हंगेरीत दारावर 'नो' लिहिलंय आणि त्यातल्या 'ओ' अक्षराच्या डोक्यावर दोन तिरप्या रेघा आहेत, तर ती प्रवेशबंदी नव्हे, ते महिलांचं स्वच्छतागृह आहे. या शब्दाचा अर्थ 'स्त्री'. रेघा नसलेला 'नो' हंगेरियनमध्ये नुसता 'बरं तर', फिनिशमध्येही तसाच. रशियनची गंमत आणखी वेगळी : तिथलं 'न' हे अक्षर रोमन 'एच'सारखं दिसतं. त्यामुळे मोठ्या अक्षरांतला 'नो' आपण चक्क 'हो' वाचतो, आणि त्याचा अर्थ असतो 'पण'.

गोव्यातले जुने पोर्तुगीज दस्तऐवज वाचणाऱ्यांना हा शब्द ओळीओळीत भेटतो. तिथे तो नकार नाही, आपला 'त' प्रत्यय आहे. 'मध्ये' या अर्थाचं अव्यय आणि पुल्लिंगी नामाचं उपपद एकत्र होऊन 'नो' बनतो, उच्चार 'नु'. 'नु दिया' म्हणजे 'त्या दिवशी', पुढे तारीख. स्त्रीलिंगी नामाआधी त्याचा 'ना' होतो. 'ना इंदिया' म्हणजे 'भारतात', 'भारत नाही' नव्हे. 'एन'नंतर टिंब आणि वर बारीक 'ओ' असेल तर मात्र तो 'क्रमांक'. दस्ताचा किंवा घराचा नंबर त्याच्या पुढेच सापडतो.

'नो' जमला की 'ने'कडे वळा, तो जास्त दगा देतो. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे 'हो', नकाराला 'ओही'. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराहून रस्त्याने बल्गेरियात शिरलात की तोच 'ने' पक्का 'नाही' होतो. मानेवरही भरवसा ठेवू नका. बल्गेरियात पारंपरिक रीतीने होकाराला मान आडवी हलवतात, नकाराला उभी, आणि परदेशी पाहुण्यांशी बोलताना काही जण मुद्दाम उलट करतात. ग्रीक माणूस भुवया उंचावून डोकं किंचित मागे टाकतो तेव्हा तो नकार असतो. बल्गेरियात मान न पाहता शब्द ऐका : 'दा' म्हणजे हो. तिकीट काढताना तर शब्दावरही थांबू नका, ठिकाण, तारीख आणि वेळ कागदावर लिहून पुढे करा.