कॅमेऱ्याआधी बूम हातात घ्या

एकांकिका करून फिल्मकडे वळणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, कॅमेरा कुठला घेऊ?’ मी सगळ्यांना एकच सांगते. कॅमेरा राहू दे, आधी कुणाच्या तरी सेटवर चार दिवस बूम धर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लावलेला माइक. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण बूम धरणं म्हणजे हमाली असा समज आहे. माझाही होता, आणि त्याची किंमत मी माझ्या पहिल्या फिल्ममध्ये मोजली.

कॉलेजची तीन वर्षं मी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांचं बॅकस्टेज केलं. पुण्याच्या भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभं राहून जे शिकले, त्या जोरावर नारायण पेठेतल्या एका वाड्यात अकरा मिनिटांची फिल्म केली. दोन दिवस, चौदा माणसं, एकूण खर्च ५२ हजार. त्यातले १२ हजार कॅमेरा आणि लेन्सच्या भाड्याला गेले. आवाजासाठी मी वेगळा एक रुपयाही ठेवला नव्हता. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक पुरेल असं धरून चालले होते.

फिल्ममध्ये एक आजी रात्री नातीला म्हणते, ‘आता दार लावून घे.’ एवढंच वाक्य. काम करणाऱ्या काकूंनी ‘दार’च्या आधी किंचित थांबून ते असं म्हटलं होतं की खोलीतले आम्ही सगळे गप्प झालो. एडिटला बसलो तेव्हा त्या थांबण्यात फ्रिजची घरघर होती, शेजारच्या कुकरची अर्धी शिट्टी होती आणि कॅमेरामनचा श्वास होता. काकूंचा आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा. दोन महिन्यांनी आमच्या घरी, भिंतींना गोधड्या लावून डबिंग केलं. शब्द ओठांवर बरोबर बसले. ते थांबणं मात्र परत आलं नाही.

त्यानंतर मी एका साउंड रेकॉर्डिस्ट दादांच्या मागे लागले, तुमच्याबरोबर फुकट येते म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी मला बूम दिला आणि म्हणाले, ‘बांगड्या काढ. घड्याळ पण.’ मग हेडफोन माझ्या कानाला लावले आणि बूमच्या दांड्यावर एक बोट हळूच सरकवलं. कानात ढग गडगडल्यासारखं झालं. दांडा घट्ट आवळायचा नाही, शॉट चालू असताना हाताची पकड बदलायची नाही, केबल हवेत लोंबू द्यायची नाही, हे त्या एका बोटाने मला शिकवलं.

बूमचं तंत्र सांगायला सोपं आहे, अंगात मुरायला वेळ लागतो. माइक नटाच्या डोक्याच्या किंचित पुढे, वरून खाली, तोंडाकडे रोखलेला हवा आणि फ्रेमच्या कडेला जेवढा चिकटवता येईल तेवढा चिकटवलेला. दीड-दोन फुटांत राहिलात तर उत्तम. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून ‘विहिरीतला आवाज’ येतो. दोघं बोलत असतील तर माइक कुणाकडे कधी वळवायचा हे ठरवायला संवाद पाठ लागतात. त्यामुळे बूम धरणाऱ्याची स्क्रिप्ट नटाइतकीच पाठ होते. कॅमेऱ्यावर कुठली लेन्स आहे, फ्रेम कुठे संपते, लाइट कुठून येतोय आणि माइकची सावली कुठे पडेल हे सगळं कळावं लागतं. नटाच्या इतकं जवळ उभं राहून प्रत्येक टेक ऐकायला मिळणारं सेटवर दुसरं कुणीच नसतं. चौथ्या टेकला त्याने काय बदललं, दिग्दर्शकाने येऊन कानात काय सांगितलं आणि त्यामुळे काय झालं, हे मी बूमखाली उभं राहून शिकले. दिग्दर्शन शिकायला याहून स्वस्त जागा मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच शिकता येते. टेक संपला की विचारतात, ‘साउंड ओके?’ सूर्य उतरत असतो, जेवण थंड होत असतं आणि तुम्ही सगळ्यात नवखे असता. अशा वेळी ‘नाही, रिक्षा गेली, अजून एक टेक लागेल’ असं म्हणायला धाडस लागतं. दादा म्हणायचे, खोटं ओके द्यायचं नाही. मी एकदा दिलं होतं. ती रिक्षा अजून त्या फिल्ममध्ये आहे.

फ्रिजचं आता सांगते. शूटिंगच्या खोलीत फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर बंद करायची आणि आपल्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवायची. पॅकअपला चावी शोधताना फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण होते. लोक आपल्याला विश्वासाने घर देतात, त्यांचं दूध नासवून परत जायचं नाही. निघण्यापूर्वी सगळ्यांना जागच्या जागी उभं करून त्या खोलीची तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करायची. हा रूम टोन एडिटला संवादांच्या फटींत भरायला लागतो. नवीन युनिट हे हमखास विसरतं.

पुण्यात आवाजाचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. पेठेतल्या घरात आतला सीन करायचा असेल तर दुपारी एक ते चार ही वेळ सोन्यासारखी. दुकानं बंद, कुकर होऊन गेलेले, रस्ता निवांत. गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठच्या भागात संध्याकाळचा शूट ठेवू नका, ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू असतात. रेकीला, म्हणजे शूटची जागा आधी बघायला जातो तेव्हा, दिग्दर्शक डोळ्यांनी जागा बघतो. तुम्ही त्याच वारी, त्याच वेळी जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून बसा.

सामानासाठी घाबरायचं कारण नाही. मी सुरुवातीला बोहरी आळीतून रंगाऱ्याचा लांबवता येणारा दांडा आणला, त्याच्या टोकाला माइक रबरबँडच्या झुल्यात टांगला आणि वर्षभर त्यावर काम केलं. थर्माकोलची पांढरी शीट, काळं कापड आणि ट्रेसिंग पेपर यांत अर्धं लायटिंग होतं. मोठ्या सेटवरही हेच वापरतात. कॅमेरा म्हणाल तर हल्लीचा फोन पुरतो. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की ट्यूबलाइटचा फडफडाट येत नाही. एडिटिंगसाठी दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली. फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. पैसे वाचवायचेच असतील तर लेन्सवर वाचवा आणि एक दिवसाचा का होईना, साउंड रेकॉर्डिस्ट घ्या.

जेवणावर मात्र वाचवू नका. माझ्या ५२ हजारांतले ९ हजार जेवण-चहाचे होते आणि त्यातला एकही वाया गेला नाही. दादासाहेब फाळक्यांच्या युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई करायच्या, शिवाय फिल्मवर प्रक्रिया करण्याच्या कामालाही हात लावायच्या. १९१३ साली पडद्यावर आलेल्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या फिल्ममागे ते स्वयंपाकघरही आहे. पैसे न घेता येणाऱ्या माणसाला निदान गरम जेवण, पेट्रोल आणि श्रेयनामावलीत शुद्ध लिहिलेलं नाव एवढं मिळालंच पाहिजे.

एकांकिकावाल्यांचं एक भांडवल मोठं आहे, तालीम. वाड्याचं आणि कॅमेऱ्याचं भाडं दिवसावर चढतं, तालमीला फक्त एक गच्ची लागते. दहा दिवस तालीम करा. फक्त शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय तिथेच उतरवून या, कारण माइक दीड फुटावर आहे. काकूंनी ते वाक्य कुजबुजत म्हटलं होतं. कुजबुज पकडायची तयारी माझी नव्हती.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांना असतो, तरी नट, संगीतकार आणि घरमालक यांची एक-एक पानाच्या संमतिपत्रावर सही शूटच्या दिवशीच घ्या. महोत्सवाला फिल्म पाठवताना कुणी परगावी असतं, कुणी रुसलेलं असतं. जुनी रेकॉर्ड पार्श्वभूमीला वाजवायचा मोह टाळा, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि गीत-संगीताचे हक्क वेगळे असतात. रस्त्यावर, बागेत, टेकडीवर परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू नका.

बघायला आणि ऐकायला पुण्यासारखं गाव नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुरातून इथे आली, तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यातच फिल्म अर्काइव्ह. इन्स्टिट्यूटचा मोठा कोर्स जमला नाही तर तिथले छोट्या मुदतीचे कोर्स बघा. पिफला, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जाल तेव्हा एक फिल्म डोळे मिटून ऐका, भाषा न समजणारी निवडा.

पाऊस उघडला आणि एकांकिकांचा मोसम ओसरला की ऑक्टोबरपासून शॉर्टफिल्मवाले कामाला लागतात. तोपर्यंत सराव म्हणून घरातला झाडू डोक्यावर आडवा धरून पाच-पाच मिनिटं उभे राहा. मग कुणाचा शूट ठरल्याचं कळलं की फोन करा आणि विचारा, बूमला कोण आहे? बहुतेक वेळा कुणीच ठरलेलं नसतं.