मंडळाच्या देखाव्यात शेरबुरचा १४ जुलै १९४४ कसा दाखवायचा

शेरबुर म्हणजे फ्रान्समधलं बंदराचं गाव, आणि १४ जुलै म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय सण, हा दुसऱ्या महायुद्धातला. पहिला फ्रान्सचा झेंडा घ्या, पट्टे उभे हं, काठीकडनं निळा पांढरा लाल, आडवे लावलात तर दुसऱ्याच देशाचा होतोय. खडेबाजारात सुती कापड घ्या पण आधी धुऊन बघा, आमचा लाल पट्टा बेळगावच्या पावसात उतरला आणि पांढरा गुलाबी झाला की! मागं बंदर मोडलेलं दाखवा, जर्मनांनी जाताना उद्ध्वस्त केलेलं, जूनच्या शेवटी अमेरिकन सैन्यानं गाव सोडवलं, म्हणून गर्दीत अमेरिकन सैनिक पाहिजेतच. लाइटिंगचा झगमगाट नको, लढाई चालूच होती, पॅरिस २५ ऑगस्टला सुटलं. आयफेल टॉवर तर अजिबात नको, पोरं हट्ट करतात तरी.