व्होल्वो २४०: नवी कार्ट्रिज घालूनही पुढून टकटक

लक्षण: पुढच्या दोन्ही स्ट्रटमध्ये (चाकावरचा स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब) नवी कार्ट्रिज (स्ट्रटच्या नळीत बसणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर), तरी हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक. अँटी-रोल बारच्या लिंक, बॉल जॉइंट, वरचे माउंट बदलूनही फरक शून्य. वैताग आणणारा प्रकार. दोष निघाला स्ट्रटच्या नळीच्या आत: नळी बंद करणारा वरचा नट नळीच्या कडेवरच टेकत होता, त्यामुळे कार्ट्रिज आत मोकळी हलत होती.

गाडी स्टँडवर घ्या. लिंक, टाय रॉडचं टोक आणि ब्रेक पाइपची पकड सोडवा. समोरासमोर दोन स्प्रिंग-कंप्रेसर लावून स्प्रिंग दाबा. ती वरच्या बैठकीत सैल झाल्याशिवाय दांड्याच्या टोकावरच्या मधल्या नटाला हात लावू नका, जिवावर बेतेल. माउंटचे तीन नट तसेच राहू द्या, म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलत नाही. स्ट्रट बाहेर कलवताना ब्रेकचा होज ताणला जाऊ नये.

स्प्रिंग काढा. गंज सोडवणारं तेल मुरू द्या, पाइप पान्याने नळीचा नट उघडा, नळी आतून पुसा.

आता खरं काम. कोरडी कार्ट्रिज घालून नट हाताने फिरवा. नट आणि नळीची कड यांत १-२ मिमी फट उरलीच पाहिजे. नसेल तर कार्ट्रिजखाली सपाट स्टीलची चकती घाला. मग नळीत थोडं इंजिन ऑइल ओता: कार्ट्रिज बसल्यावर पातळी काठाच्या किंचित खाली हवी. त्याने उष्णता बाहेर जाते, गंजही धरत नाही. कार्ट्रिजचा दांडा पक्कडीत धरू नका, ओरखड्याने सील फाटतं.