चाळीचा जिना उलटा पडला तेव्हा

पहिला लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून, शाई लावून कागदावर घेतलेला ठसा, मी गिरगावातल्या आमच्या चाळीचा केला. प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा, मनासारखं निघालं म्हणून शेजारच्या आजींना दाखवायला धावले. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "छान आहे गं, पण कुठली चाळ ही? आपला जिना उजवीकडे आहे." ठसा उलटा पडतो हे मला ठाऊक होतं, खालच्या दुकानाची पाटी मी आठवणीने उलटी कोरलीही होती. इमारत मात्र समोर दिसली तशी! अक्षर चुकलं तर कुणालाही कळतं, जिना चुकला तर तिथे राहणाऱ्यालाच. आता स्केच आधी ट्रेसिंग पेपरवर उतरवते, कागद पालटते आणि मगच लिनोला हात लावते.

नवख्यांना सगळंच कोरायचं असतं. प्रत्येक गज, प्रत्येक कौल, वाळत टाकलेली प्रत्येक चादर. माझ्या गॅलरीच्या कठड्याची त्यात नुसती चाळणी झाली होती. लिनोत कोरलेला भाग पांढरा राहतो; कोरणी फिरली की तिथे उजेड पडतो. म्हणून दुपारी चारच्या उन्हात इमारतीसमोर उभं राहून आधी काळोख कुठे ठेवायचा ते ठरवा. जिन्याखालच्या जागेला मी हल्ली हातच लावत नाही.

काय गाळायचं हे शिकायला ठसे छापणाऱ्या चित्रकार झरीना यांचं काम पाहा. अलीगढला जन्मलेल्या, गणित शिकलेल्या या बाईंनी १९९९ मध्ये 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा ३६ वुडकटांचा, म्हणजे लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांचा, संच केला. दार, भिंत, अंगण अशा एकेका शब्दाला एक चित्र, सोबत तो शब्द उर्दूत. मोजक्या रेघांत अख्खं घर. मला तर पहिल्यांदा पाहताना थोडा रागच आला होता, इतकं सोपं कसं म्हणून.

लिनोला प्रेस लागत नाही. शाई लावलेल्या लिनोवर पातळ नेपाळी कागद ठेवून डावाच्या पाठीने घासलं की पुरतं. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेवा. पावसाळ्यात तेलाची शाई वाळता वाळत नाही, तेव्हा प्रिंट एकमेकांवर रचू नका. एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर अॅसिडने रेघा उमटवणं, मात्र घरी नकोच; झिंकच्या प्लेटला नायट्रिक अ‍ॅसिड लागतं आणि त्याच्या वाफा वाईट. त्यासाठी स्टुडिओ गाठा. दिल्लीला ललित कला अकादमीचा गढी आहे, भोपाळला भारत भवन.

यावर पोट भरतं का? माझं नाही भरत, मी शाळेत चित्रकला शिकवते. आणि "म्हणजे झेरॉक्सच ना?" हे ऐकायची तयारी ठेवा. उत्तर म्हणून मी प्रिंटखालचा पेन्सिलीतला आकडा दाखवते: एकूण किती छापले आणि त्यातलं हे कितवं.

जिना सुधारून पुन्हा कोरला, पंधरा प्रती काढल्या, आजींना १/१५ नेऊन दिली. त्यांनी आकडा वाचला.

"पंधरापैकी एकच मार्क पडला होय गं?"