रजा म्हणजे खाडा नव्हे: दुकानदार-मालकांनो, या चुका टाळा

लातूरच्या गंजगोलाईतल्या एका कापड दुकानाची हजेरी वही माझ्यापुढे उघडी होती. एका सेल्समनच्या नावासमोर तीन वर्षांच्या लाल फुल्या. फुली म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पगारातून कपात. दोन फुल्या बहिणीच्या लग्नाच्या, चार-पाच तापाच्या, एकेक दरवर्षीच्या वेळ अमावस्येची, म्हणजे इथल्या शेतातल्या सणाची. रजेचा रकानाच वहीत नव्हता. काम सोडून हिशोबाला बसलेल्या त्या पोरानं विचारलं, "शेठ, माझ्या रजा किती शिल्लक आहेत?" शेठ माझ्याकडे बघायला लागले.

शेठ माणूस म्हणून चांगले. कामगाराच्या घरी आजारपण आलं की स्वतः धावून जाणारे. पण रजा ही मालकाची मर्जी, असं त्यांना मनापासून वाटायचं. मी लातूर-धाराशिवकडच्या दुकानांची, दवाखान्यांची, क्लासेसची पगारपत्रकं करतो, आणि रजेची बहुतेक भांडणं याच एका समजुतीतून उगवताना बघतो.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, आपल्या तोंडी शॉप ॲक्ट, 2017 साली नव्यानं आला. तेव्हा तो 10 कामगारांपासून लागू होता, 2025 च्या दुरुस्तीत ही मर्यादा 20 वर गेली. त्यात रजा दोन प्रकारच्या आहेत आणि इथंच पहिली गफलत होते. वर्षाला 8 नैमित्तिक रजा पगारी मिळतात. त्या दर तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वापरल्या नाहीत तर वर्षअखेर संपतात. दुसरी कमावलेली रजा: वर्षात 240 दिवस काम झालं असेल, तर दर 20 दिवसांमागे 1 दिवस पुढच्या वर्षी मिळतो. 280 दिवस भरले, की 14 दिवस. ही रजा 31 डिसेंबरला संपत नाही, 45 दिवसांपर्यंत साठते. मालक दोन्हींची खिचडी करतात आणि "वर्ष संपलं, रजा संपली" म्हणून मोकळे होतात. 240 च्या अटीवर बोट ठेवून नकार देण्याआधीही सल्लागाराला विचारा, कारण केंद्राच्या नव्या कामगार संहितेत हीच अट 180 दिवसांची आहे.

दुसरी चूक तोंडी कारभाराची. "शेठ, उद्या येत नाही." "बरं." संपलं. महिनाअखेर मुनीम फुली बघतो आणि पैसे कापतो. हे "बरं" कुठंतरी लिहिलेलं हवं. साधी वही पुरते: अर्जाची तारीख, कोणती रजा, किती दिवस, मंजूर की नामंजूर, शिल्लक किती, दोघांच्या सह्या.

नामंजुरीचा रकाना का, असं मालक विचारतात. त्या पोराच्या हिशोबात सगळं तिथंच अडलं. त्यानं मोबाईल काढला. वडिलांच्या ऑपरेशनसाठी 15 दिवस आधी मागितलेली रजा, खाली शेठचं उत्तर: "सीझन आहे, नंतर बघू." पुढच्या वर्षी पुन्हा मागणी, पुन्हा तेच उत्तर. कमावलेली रजा मागून नाकारली गेली आणि मग माणूस काम सोडून गेला, तर त्या रजेचे पैसे द्यावे लागतात. मालकानं काढून टाकलं तरीही द्यावे लागतात. नकार शेठच्याच शब्दांत लिहून होता. सीझनला माणूस सोडणं अवघड, हे मला मान्य आहे. पण नकारासोबत पर्यायी तारीख दिली असती, तर पोरगं थांबलंही असतं.

सणांच्या सुट्ट्यांकडे मला जरा जास्त लक्ष वेधायचं आहे. वर्षाला 8 पगारी सुट्ट्या असतात. त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या 4 वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या इथल्या शाखांत मात्र मुख्य कार्यालयाची यादी जशीच्या तशी भिंतीवर लागते. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात असतं. ज्वारीच्या कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा, भज्जी, आंबील. त्या दिवशी शटर उघडून बसलात तरी गिऱ्हाईक कुठून येणार? पोळा आहे, महालक्ष्म्यांचं जेवण आहे, 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आहे. डिसेंबरात सगळ्यांना बसवून चार दिवस निवडा आणि यादीवर सह्या घ्या. निम्म्या "न सांगता दांड्या" तिथंच थांबतील. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलंत, तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्या. "पुढं कधीतरी" चालत नाही.

मतदानाच्या दिवशीची सुट्टीही पगारी असते, ती कापू नका.

बाळंतपणाच्या रजेबाबत माझा सूर कडक होतो. दवाखान्यात, क्लासच्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलीला सातव्या महिन्यात "आता घरी बस, नंतर बघू" म्हणतात आणि तिची जागा भरून टाकतात. जिथं 10 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथं मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडे. या रजेत तिला कामावरून काढणं बेकायदा आहे. ती ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल तर पैसे तिकडून मिळतात, मालकाच्या खिशाला तोशीस नाही. म्हणूनच ईएसआयची नोंदणी लांबवू नका.

आणि वहीच नसेल तर? मागच्या तीन वर्षांच्या पगाराच्या नोंदी, बँकेचे उतारे आणि मोबाईलवरचे निरोप घेऊन कामगारासमोर बसा. कामाचे दिवस मोजा, 20 ने भागा, त्यातून घेतलेली कमावलेली रजा वजा करा. आलेला आकडा दोघांच्या सहीनं नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे माणूस कामावर असतानाच करा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत काम सोडणाऱ्याची देणी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची आहेत, आणि तेवढ्या वेळात तीन वर्षांच्या फुल्यांचा अर्थ लागत नाही. आम्हाला त्या दुकानात आठ दिवस लागले होते.