तेरा पेपर आणि एक सही

इंदुरात सानंद या संस्थेच्या नाटकाला गेलं की मध्यंतरात कुणी ना कुणी गाठतंच. "तू नक्की काय करतेस गं?" मी म्हणते, ॲक्च्युअरी आहे. काकू मान डोलावतात आणि शेजारणीला सांगतात, "ॲक्चुअली ती एलआयसीत आहे."

मी एलआयसीत नाही. विमा आणि पेन्शनसाठी पुढे लागणाऱ्या पैशांचा हिशेब आज मांडणं, हे ॲक्च्युअरीचं काम. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या पगाराचा आकडा कसा कोण जाणे आमच्या रामबागेत फुटला आणि प्रश्न बदलला. आता विचारतात, "आमच्या चिन्मयलाही सांग ना काहीतरी." चिन्मय बारावीत आहे, गणित बरं आहे, आणि त्याला "जास्त पॅकेजवालं" काहीतरी हवंय. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी एकदाच लिहून टाकते.

आधी त्या पॅकेजचंच बघू. भंवरकुव्यापासून गीता भवनापर्यंत होर्डिंगांवर "सरासरी पॅकेज" लिहिलेलं असतं. दहा मुलं धरा. नऊ जणांना वर्षाला सहा-सहा लाख मिळाले आणि एकाला एक कोटी. सरासरी काढा, 15 लाख 40 हजार येते. त्या दहांतल्या एकालाही तेवढा पगार नाही! म्हणून सरासरी विचारूच नये, मध्यक विचारावा, म्हणजे पगाराच्या चढत्या रांगेतल्या मधल्या मुलाला किती मिळाले ते. आणि आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाचा आहे की हातात पडणारा, तेही विचारावं. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा असतो, नोकरी सुटताना एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटी असते, मिळाला तर मिळाला असा बोनस असतो. होळकर सायन्स कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मध्यक शिकवतात. घरी आयुष्यभराचा निर्णय घेताना तो कुणाला आठवत नाही.

आता मोठा पगार मिळतो कुठे? कठीण अभ्यासाला मिळतो असं मला फार दिवस वाटायचं. तसं असतं तर संस्कृतचे शास्त्री बंगल्यात राहिले असते. माझं आताचं मत वेगळं आहे: जिथे कायद्याने एका माणसाची सही लागते आणि ती करू शकणारी माणसं थोडी असतात, तिथे पगार चढतो. कंपनीच्या ताळेबंदावर सीएची सही लागते. विमान परवानाधारक पायलटशिवाय हलत नाही. तसंच प्रत्येक विमा कंपनीला अपॉइंटेड ॲक्च्युअरी नेमावाच लागतो. पॉलिसीचा दर बरोबर आहे, उद्याचे क्लेम भागवायला आज पुरेसे पैसे बाजूला ठेवलेत, हे तो लेखी सांगतो. 1956 पासून आयुर्विमा म्हणजे एलआयसी, एवढंच होतं. 1999 च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या आणि आज सगळ्या मिळून विमा कंपन्या पन्नासच्या वर आहेत. फेलो, म्हणजे सगळ्या परीक्षा पार केलेले ॲक्च्युअरी मात्र शेकड्यांत मोजावेत इतकेच. बाकीचं मागणी-पुरवठ्याचं गणित कॉमर्सवाल्यांना सांगायला नको.

काम काय असतं? कोण कधी मरेल हे आम्हाला कळत नाही, हे आधी सांगून टाकते, कारण एका लग्नात एका आजोबांनी मला खरंच हात दाखवला होता. एका माणसाचं सांगता येत नाही, पण एक लाख माणसांचं बऱ्यापैकी सांगता येतं. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने 1693 साली ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला होता. आपल्याकडचा आयुर्विम्याचा चालू तक्ता 2012-14 या काळातल्या विमेदारांच्या अनुभवावर बेतलेला आहे. त्याला व्याजाचं गणित जोडलं की प्रीमियम निघतो, पेन्शनची किंमत निघते, आणि कंपनीने कामगारांना पुढे द्यायच्या ग्रॅच्युइटीचा आजचा बोजा निघतो. ग्रॅच्युइटीकडे पुन्हा येते.

रस्ता असा आहे. बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा देता येते. गणित, संख्याशास्त्र, आकडेवारी वाचणं, इंग्रजी आणि तर्क, एवढे विषय. निकाल तीन वर्षं चालतो. पास झालात की इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचं विद्यार्थी सदस्यत्व घ्यायचं. ही संस्था 1944 ची, पण 2006 च्या कायद्याने तिला सीएच्या संस्थेसारखा अधिकार मिळाला. पुढे तेरा पेपर. सीएस-1 आणि सीएस-2 संख्याशास्त्राचे, सीएम-1 आणि सीएम-2 विम्याच्या आणि गुंतवणुकीच्या गणिताचे. या चारही पेपरांत लेखी भागाखेरीज संगणकावरचा भाग असतो, सीएसला आर ही संगणकाची भाषा आणि सीएमला एक्सेल. मग सीबीचे तीन: लेखा-वित्त, अर्थशास्त्र, व्यवसाय. सीपीचे तीन: व्यवहार, मॉडेल आणि संवाद. त्यानंतर आवडीच्या शाखेचे दोन एसपी आणि शेवटी एक एसए. लंडन-एडिंबराच्या संस्थेचे पेपरही इथून देता येतात, पण फी पौंडात असते.

मी 2012 साली सुरुवात केली आणि 2022 साली फेलो झाले. दहा वर्षं. सुरुवात केली तेव्हा पेपर पंधरा होते, 2019 साली अभ्यासक्रम बदलून तेरा झाले. दहा वर्षं म्हटल्यावर आयांचे चेहरे पडतात, म्हणून लगेच पुढचं सांगते. ही दहा वर्षं घरी बसून काढायची नसतात. तीन-चार पेपर झाले की नोकरी लागू शकते. पुढच्या पेपरांना कंपनी अभ्यासाची रजा देते, बहुतेक ठिकाणी फीही देते आणि दर पेपरमागे पगार वाढवते. एमपीपीएससीची तयारी करणारी माझी मैत्रीण आणि मी एकाच वयात एकाच पायरीवर होतो. फरक एवढाच की माझं अपयश पगारी होतं.

उलटी चूकही होते. माझ्या बॅचमधल्या एका हुशार मुलाने ठरवलं, आधी सात पेपर उडवू, मग मुंबई गाठू. तो इंटरव्ह्यूला गेला तेव्हा कंपन्या बिचकल्या. पेपर सात म्हणजे पगार मोठा द्यायचा, आणि अनुभव शून्य. त्याला पहिली नोकरी मिळायला माझ्यापेक्षा दीड वर्ष जास्त लागलं. तिसऱ्या पेपरानंतर अर्ज पाठवायला लागा. आणि क्लासबद्दल एकच सांगते: "नोकरीची हमी" असं लिहून देणाऱ्या एका क्लासला मी भरपूर फी भरली. हमीचा कागद नीट वाचला तेव्हा त्यात "इंटरव्ह्यूसाठी साहाय्य" एवढंच होतं. विम्याचा अभ्यास करणारी मुलगी बारीक अक्षरं वाचायला विसरली!

नोकरी इंदुरात नाही, हे सुरुवातीलाच पचवा. मुंबई, गुरुग्राम, बंगळुरू, थोडं पुणे. 2014 साली अवंतिका पकडून मुंबईला गेले तेव्हा चार पेपर झाले होते आणि पगार वर्षाला साडेचार लाख ठरला. निम्मा खोलीभाड्यात जायचा. मी माझ्याबरोबरच्या पाच-सहा जणांपुरतंच बोलते: आठ पेपरांच्या आसपास पगार पहिल्याच्या तिप्पट झाला, आणि खरी उडी फेलो झाल्यावर आली.

इंटरव्ह्यूत मला एकच प्रश्न अवघड गेला. अ‍ॅन्युइटी म्हणजे काय, तुमच्या आजीला समजेल असं सांगा. पेन्शनसारखी ठरावीक काळाने मिळत राहणारी रक्कम, एवढंच म्हणायचं होतं, पण मी सूत्र लिहायला पेन उचललं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "आजी सूत्र वाचते का?"

नोकरी मिळाली, पण त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. जीवन विम्याच्या गणिताच्या पेपरात मी दोनदा नापास झाले, त्याचं फार वाटलं नाही. तो पेपर भल्याभल्यांना पाडतो. 2019 च्या शेवटी मात्र सीपी-3 मध्ये नापास झाले, आणि तो पेपर चक्क पत्र लिहिण्याचा आहे. विम्यातलं काही न कळणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट साध्या भाषेत समजावायची. गणितात पास आणि पत्रात नापास! आईला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली.

पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये मी रामबागेत घरी होते. बाबा एका गिरणीत कारकून होते. मी दोन वर्षांची असताना गिरणी बंद पडली. बावीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी चौदा वर्षांनी हातात आली, तीही व्याजाशिवाय. शेवटचा पगार 2,600 रुपये होता. कायद्याचं सूत्र सोपं आहे: महिन्याचे दिवस 26 धरायचे, वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. 2,600 भागिले 26 म्हणजे शंभर, गुणिले 15 म्हणजे दीड हजार, गुणिले 22 म्हणजे 33,000. बाबा हे सूत्र तोंडपाठ म्हणतात, इतकी वर्षं त्यांनी ते कागदावर केलंय.

मी त्यांना सरावासाठी समोर बसवलं. वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत, त्यांना समजली पाहिजे आणि मी एकही जड शब्द वापरायचा नाही, अशी अट घातली. पहिल्या तीन पत्रांना ते म्हणाले, "बँकेचं वाटतंय." चौथ्यात मी लिहिलं: गिरणी बंद झाली त्या दिवशी कुणी तुम्हाला अकरा हजार दोनशे रुपये दिले असते आणि तुम्ही ते आठ टक्क्यांनी बँकेत ठेवून विसरला असतात, तर चौदा वर्षांनी ते 33,000 झाले असते. म्हणजे तुम्हाला 33,000 मिळाले असं वाटलं, पण त्या दिवसाच्या हिशेबाने अकराच हजार मिळाले.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही व्याज मागितलं असतं."

त्या वर्षी सीपी-3 सुटला. आज माझं निम्मं काम कंपन्यांच्या ग्रॅच्युइटीचा बोजा काढण्याचं आहे. बाबा अजूनही विचारतात, "तुझी सही झाली की कामगाराला पैसे वेळेवर मिळतात का?" मी सांगते, सहीने फक्त आकडा खरा होतो, पैसे मालकच देतो. हे उत्तर त्यांना आवडत नाही.

दुसरे रस्ते मी दुरून पाहिलेत, म्हणून थोडक्यात. सीएला नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनची दोन वर्षं झाली आहे, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे इंदुरात राहून काम मिळतं. पायलटला दोनशे तासांचं उड्डाण आणि क्लास वन मेडिकल लागतं. पैसे भरण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, माझ्या मामेभावाने उलट केलं. इथल्याच आयआयएमचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम 2011 पासून आहे. गणित आणि इंग्रजी दोन्ही पक्कं असेल त्याने त्याची परीक्षा जरूर द्यावी. एमबीबीएस साडेपाच वर्षं, वर एमडीची तीन, मधली प्रवेश परीक्षा वेगळीच. यांतला कुठलाही रस्ता पॅकेज बघून धरू नका. त्या रस्त्यावर कमाई कितव्या वर्षी सुरू होते आणि तोवर घर कोण चालवणार, हे आधी कागदावर मांडा. आमच्या घरी बाबांची नोकरी गेलेली, त्यामुळे मला पगारी उमेदवारीच परवडणार होती. डॉक्टर व्हायची हौस असती तरी झेपली नसती.

चिन्मयला मी क्लास सुचवला नाही. आजोबांच्या कपाटातली जुनी मनी-बॅक पॉलिसी काढ म्हटलं. वीस वर्षं किती हप्ता भरला, मधे केव्हा किती मिळाले, शेवटी किती मिळाले, आणि हे सगळं कुठल्या व्याजदराने जुळतं ते एक्सेलमध्ये काढून आण. एसीईटीच्या कुठल्याही मॉक टेस्टपेक्षा यातून जास्त कळतं: मूल त्यात रमतं की कंटाळतं.

मागच्या रविवारी तो सकाळी पोह्यांच्या वेळेला आला. "ताई, एक टक्कासुद्धा पडत नाही," म्हणाला. "आजोबांना फसवलं."

"बोनस धरलास का?"

तो गप्प झाला. अर्धी जिलबी ताटलीत तशीच ठेवून सायकल काढून गेला. संध्याकाळी दिवेलागणीला परत आला, वही घेऊन.